अर्वाच्य : हा र आला कुठून?

माठातलं_पाणी (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं. तळमजल्यावरचे काका (वय ७४, बँकेतून निवृत्त, आयुष्यात 'गाढव'च्या पुढे गेलेले नाहीत) आणि तिसऱ्या मजल्यावरचा एक भाडेकरू. भाडेकरूने जिन्यात उभं राहून काकांना जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. काका हट्टाने पोलीस ठाण्यात गेले, सोबत साक्षीदार म्हणून मी.

हवालदारांनी विचारलं, "काय म्हणाला तो?"
काका म्हणाले, "बोलू नये असं बोलला."
"हो, पण काय?"
काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. कान लालबुंद. "साहेब, तुम्ही समजून घ्या."
हवालदारांनी समजून घेतलं आणि दोन बोटांनी टाइप केलं : 'सदर इसमाने फिर्यादीस अर्वाच्य भाषेत शिवीगाळ करून पाहून घेण्याची धमकी दिली.' काकांनी सही केली, प्रत घडी करून खिशात ठेवली.

येताना रिक्षात मला विचारतात, "अर्वाच्य म्हणजे काय रे नक्की? अर्वाचीनमधलं का? म्हणजे नव्या शिव्या?"

मला सांगता येईना. रोज पेपरात वाचतो, पण अर्थ विचारला तर 'म्हणजे घाण' यापुढे गाडी जात नाही. घरी आल्यावर मुलीने भर घातली, "बाबा, शिवीगाळ म्हणजे शिव्या गाळायच्या ना? मग तो चांगलाच वागला की." जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

खिडकीशेजारी

रुमाल टाकून ठेवतो. हा धागा शंभरी गाठणार.

---

कच्ची_कैरी

तुमची मुलगी भारी आहे =)) पोलिसांच्या कागदात शिव्या खरंच गाळलेल्याच असतात. 'गाळलेल्या जागा भरा, गुण ५.'

---

तळटीप

धागाकर्ते, उत्तर तुमच्या काकांनीच ठाण्यात देऊन टाकलं आहे. "बोलू नये असं बोलला." मूळ संस्कृत शब्द 'अवाच्य', म्हणजे जे बोलण्याजोगं नाही, बोलू नये असं. वच् धातू, त्याचं वाच्य, त्याच्याआधी नकाराचा अ. काकांनी साध्या मराठीत सांगितलं, हवालदारांनी त्याचं सरकारीत भाषांतर केलं.

शब्द जुना आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ३६वा श्लोक काढा : 'अवाच्यवादांश्च बहून् वदिष्यन्ति तवाहिताः'. तू लढला नाहीस तर तुझे शत्रू तुझ्याबद्दल नको नको ते बोलतील, असं श्रीकृष्ण अर्जुनाला बजावतो. अवाच्यवाद म्हणजे जवळपास आपली शिवीगाळच.

र मागाहून घुसलेला आहे. मराठीनं घुसवला.

---

कच्ची_कैरी

म्हणजे भगवंतांनीही नेमके शब्द दिले नाहीत. 'अर्वाच्य भाषेत शिवीगाळ करतील' एवढंच. अगदी ठाणे अंमलदार!

---

अर्धा_कप

तळटीप, इतक्या लवकर र ला घुसखोर ठरवू नका. संस्कृतात 'अर्वाच्' असा स्वतंत्र शब्द आहे. इकडचा, अलीकडचा, आणि खालच्या बाजूचा असे त्याचे अर्थ. अर्वाचीन त्यातूनच आलं. म्हणजे काकांची शंका अगदीच बाष्कळ नाही. अर्वाच् म्हणजे खालचा, तर अर्वाच्य म्हणजे खालच्या पातळीवरचं. 'खालच्या पातळीवर उतरून बोलला' असं आपण आजही म्हणतोच की.

---

तळटीप

कल्पना गोड आहे, पण त्या अर्थाने तो शब्द संस्कृतात शिवीसाठी कुणी वापरलेला मला दिसला नाही, आणि 'अवाच्य' मात्र हव्या त्या अर्थाने गीतेत बसलेला आहे. दाराशी उभा असलेला बाप सोडून लांबचा काका कशाला शोधायचा?

नसलेला र आणायची मराठीला जुनी खोड आहे. शापाचं आपण 'श्राप' केलं. तिथेही र कुठून आला ते विचारा. भारदस्त शब्द उच्चारायचा म्हटला की आपल्याला वाटतं, एखादा रफार किंवा जोडाक्षर पाहिजेच, त्याशिवाय संस्कृत वाटत नाही. अवाच्य फार मऊ वाटतं, अर्वाच्य कसं दणकून येतं. शेजारी अर्वाचीन तयार होताच, त्याच्या वळणावर जीभ गेली असेल. एवढ्यापुरतं तुमचं अर्वाच् मान्य.

आणखी एक भाऊबंद. 'अद्वातद्वा बोलला' म्हणतो ना आपण? ते संस्कृत 'यद्वा तद्वा', म्हणजे हे नाहीतर ते, वाट्टेल ते. तिथला य आपण गिळला. एकीकडून य खाल्ला, दुसरीकडे र ओकला.

---

अर्धा_कप

श्राप मान्य. मात्र काका या शब्दाला बोल लावू नका, धाग्याचे नायक काकाच आहेत.

---

सांगावा

मी एका दैनिकात अकरा वर्षं उपसंपादक होतो. आमच्याकडे तालुक्याहून आलेल्या बातमीत हमखास 'अश्लिल व अर्वाच्च' असं यायचं. अश्लील ऱ्हस्व, आणि अर्वाच्य कधी अर्वाच्च, कधी आर्वाच्य. एकदा 'अर्वाचीन भाषेत शिवीगाळ' छापूनही गेलं आहे. दुसऱ्या दिवशी एका वाचकाचं पत्र : 'प्राचीन भाषेतील शिवीगाळ कोठे मिळेल?'

प्रत्यक्ष शब्द छापायचाच झाला तर फुल्या. त्यातही भांडणं व्हायची. किती फुल्या? अक्षरं मोजून टाकल्या तर वाचक ओळखतो, कमी टाकल्या तर भलताच शब्द ओळखतो.

---

दप्तरदिरंगाई

अवांतर : 'अव्वाच्या सव्वा' किमतीचा अवाच्यशी काही संबंध? कांद्याचा भाव ऐकून तोंडातून अवाच्य निघतं म्हणून?

---

तळटीप

नाही हो. त्यासाठी वेगळा धागा काढा.

पण अवांतरच हवं तर हे घ्या : संस्कृतात 'अवाची' म्हणजे दक्षिण दिशा.

---

रंकाळ्यावरचा

दक्षिण म्हणताच आमी हजर. कोल्हापुरात शिवी दिली म्हंजे मानूस जवळचा हाय. 'अहो, या, बसा' म्हटलं की समजायचं, काय तरी बिनसलंय. माझा चुलता फोनवर पहिलं वाक्य जे बोलतो ते इथं टाकलं तर संपादक धाग्याला टाळं लावतील, आणि तो जिलेबीचं ताट घेऊन घरी या म्हणून सांगत असतोय.

---

निवृत्त_अंमलदार

एकतीस वर्षे खात्यात काढली, त्यातली बरीच टेबलावर. म्हणून थोडे लिहितो.

हवालदार हा शब्द का लिहितो? एक म्हणजे फिर्यादी बोलतच नाही. बाई असेल तर पदर तोंडाला, बाप्या असेल तर तुमच्या काकांसारखा चष्मा पुसतो. दुसरे म्हणजे फिर्याद वाचून दाखवावी लागते. ठाण्यात माणसे बसलेली असतात, एखादीचे लहान मूल मांडीवर असते. त्यांच्यासमोर ते सगळे मोठ्याने कोण वाचणार? तिसरे म्हणजे सवय. नवीन माणूस जुन्याचा कागद समोर ठेवून लिहितो. 'अर्वाच्य भाषेत शिवीगाळ करून, लाथाबुक्क्यांनी मारहाण करून, जिवे ठार मारण्याची धमकी दिली' ही ओळ मी नोकरीत किती वेळा लिहिली असेल याची गणती नाही. हात आपोआप चालतो. एकदा मुलाच्या शाळेला रजेचा अर्ज लिहिताना 'सदर इसमास ताप आल्याने' लिहिले होते.

र कुठून आला हे ठाऊक नाही. आम्हाला लागला तसा पुढे दिला.

---

कच्ची_कैरी

'सदर इसमास ताप' हसून हसून पुरेवाट!!

---

काळा_कोट

अंमलदारसाहेबांच्या म्हणण्याला कायद्याची जोड देतो. काकांच्या प्रकरणात बहुधा अदखलपात्र नोंद झाली असेल, म्हणजे आपली एनसी. पूर्वी भारतीय दंड संहितेचं ५०४ आणि ५०६ लागायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तीत ५०४ च्या जागी ३५२ आणि ५०६ च्या जागी ३५१. ३५२ ला शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

गंमत अशी की ३५२ मध्ये शिवी हा शब्दच नाही. कायदा विचारतो, मुद्दाम अपमान केला का, आणि समोरच्याने चिडून शांतता भंग करावी असा तो होता का. अश्लील शब्दांचं कलम वेगळं, पूर्वी २९४, आता २९६. नुसती घाण शिवी दिली म्हणून ते आपोआप लागत नाही. कायद्यातल्या अश्लीलतेचं माप निराळं आहे.

मग नेमके शब्द फिर्यादीत हवेतच का? ५०४ च्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली मुंबईच्या एका प्रकरणात सांगितलं की शब्दाला शब्द आलाच पाहिजे असा कायदा नाही, तक्रार सबंध वाचून ठरवायचं. म्हणजे हवालदारांचं 'अर्वाच्य' अगदीच निराधार नाही. तरी माझ्या अनुभवात, नुसतं तेवढंच लिहिलेलं असलं की बचावाचा वकील खूश होतो. उलटतपासात पहिला प्रश्न : "अर्वाच्य म्हणजे काय, ते कोर्टाला सांगा." आणि साक्षीदार चष्मा पुसायला लागतो.

---

पायवाट

काळा_कोट यांच्या शेवटच्या ओळीवरच थांबून बोलायचं आहे. इथे सगळे हसताहेत, हसा. पण या शब्दाचा पडदा कुणाच्या सोयीचा, तेही पाहा.

आमच्या घरातली गोष्ट. वडिलांना गावात चारचौघांसमोर जातीवरून बोललं गेलं. वडील तालुक्याला फिर्याद द्यायला गेले, मी कॉलेजात होतो, सोबत होतो. तिथेही लिहिणाऱ्याने 'अर्वाच्य भाषेत शिवीगाळ' एवढंच लिहिलं आणि सहीला कागद पुढे केला. वडिलांनी वाचला आणि म्हणाले, "तो जे बोलला ते यात नाही." लिहिणारा म्हणाला, "तेच आहे हो, सभ्य शब्दात." वडील म्हणाले, "तो सभ्य शब्दात नव्हता बोलला."

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातीवरून, लोकांच्या देखत केलेला अपमान हाच गुन्हा आहे. जातीचं नाव कागदावर आलं नाही, तर पुढे 'असं काही बोललोच नाही' म्हणायला वाट मोकळी. चार तास बसलो. वडिलांनी तो शब्द तीनदा मोठ्याने सांगितला, तेव्हा लिहून घेतला. स्वतःला पडलेली शिवी स्वतःच्या तोंडाने, अक्षर न अक्षर. मी भिंतीकडे बघत होतो.

तुमच्या काकांना 'समजून घ्या' म्हणता आलं. आम्हाला ते परवडणारं नव्हतं.

---

निवृत्त_अंमलदार

पायवाट, बरोबर आहे. असे कागद झालेले आहेत. नेमके शब्द लिहायचे आणि फिर्यादीने सांगितले तसेच लिहायचे, हे आम्हाला शिकवलेले असते. टेबलावर बसले की सोयीचे तेवढे आठवते. मीही यातून सुटलेलो नाही.

---

माठातलं_पाणी

पायवाट, धन्यवाद. हा भाग मला सुचलाच नव्हता.

---

ओढ्यापलीकडची

मी साताऱ्याकडची, खंडाळा तालुक्यातली. जे बोलू नये ते बोलायचा आमच्याकडे एक मुहूर्तच आहे : बोरीचा बार.

सुखेड आणि बोरी अशी दोन गावं, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका आपापल्या काठावर जमतात आणि पलीकडच्या गावाला शिव्या घालतात. दोन सवतींची गोष्ट सांगतात, ओढ्यावर भांडल्या आणि तिथेच गेल्या. वाद्यं वाजत असतात, त्या गलक्यात नेमका शब्द कळतच नाही, कळतात ते हातवारे. लुगडं खोचून, हात नाचवत, एकेक जण अंगात आल्यासारखी. मध्ये पोलीस उभे, कुणी ओढा ओलांडून पलीकडे जाऊ नये म्हणून. ओढ्याला पाणी असलं तर गुडघाभर पाण्यात.

माझी मामी एरवी सासऱ्यांसमोर मान वर करत नसे. त्या दिवशी मी तिला पाहिलं आणि ओळखलंच नाही. कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलेलं, आवाज बसलेला. तासाभराने घरी आली, चूल पेटवली, पदर डोक्यावर. मी विचारलं, "मामी, काय म्हणत होतीस गं?" तर म्हणे, "कधी? मी?"

---

खिडकीशेजारी

मामींना दंडवत.

---

शीतकढी

माका एक सांगूचा हा. आमच्याकडे शिवी नसता, गाळ आसता. गाळी घालतत. म्हणजे शिवीगाळीतला 'गाळ' तो आमचा. आवशीन (आईने) 'मेल्या, उठ' म्हटल्याशिवाय झील (मुलगा) उठणा नाय.

(आता पुणेकरांसाठी प्रमाण भाषेत.) बायको पुण्याची. लग्नानंतर पहिल्यांदा गावी नेली तेव्हा आमची आजी बोक्याला म्हणाली, "तुझ्या तोंडार शिरा पडो." बायको मला हळूच म्हणते, "किती लाड करतात मांजराचे! शिरा देतात?"

---

तळटीप

शीतकढी यांचा 'गाळ' बरोबर आहे. संस्कृतातच 'गालि' शब्द आहे, हिंदीत गाली, तुमच्याकडे गाळ. भर्तृहरीच्या नावावर एक झकास श्लोक आहे, 'ददतु ददतु गालीर्गालिमन्तो भवन्तः'. द्या, द्या शिव्या, तुमच्याकडे साठा आहे. आमच्याकडे नाहीत, तर आम्ही परत कुठून करणार? असेल तेच माणूस देतो, सशाचं शिंग कुणी कुणाला दिलंय का?

शिवीगाळ म्हणजे शिवी अधिक गाळ. भाजीपाला, दगडधोंडा, तसा जोडशब्द. देशावर गाळ एकटा उरला नाही म्हणून मुलीला तो चहाच्या गाळणीतला वाटला.

---

वीरगळ

रुमाल टाकण्यात उशीर झाला, पण 'गाळ' निघालाच आहे तर दगडाचा पुरावा देतो. गधेगाळ. (काही गधेगळ म्हणतात.) कोकणात शिलाहारांच्या काळापासूनचे असे दगड आहेत. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर, खाली गाढव आणि स्त्री यांचं शिल्प. चंद्र-सूर्य असेतो हे दान चालावं, आणि जो मोडेल त्याच्या आईला... पुढचं शिल्पात स्पष्ट आहे. गाढवाची गाळ, ती गधेगाळ.

परळच्या शिलालेखात, शके ११०८ म्हणजे इसवी सन ११८७, शिलाहार राजा अपरादित्याच्या काळात हीच शिवी अक्षरांत कोरलेली आहे. आणि भाषा बघा. दानाचा मजकूर संस्कृतात. शेवटी धमकी द्यायची वेळ आली तशी भाषा बदलून मराठी! 'माय गाढवें' इथपर्यंत लिहितो, क्रियापद लिहिलं तर आठशे वर्षांनी संपादक ते खोडतील. संस्कृतात सांगून गावाला कळलं नसतं, म्हणून जे झोंबायला हवं ते मराठीत. मराठीच्या अगदी जुन्या लेखी नमुन्यांत ही ओळ मोडते. लाजायचं की मिरवायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आमच्या आजोळी देवळामागे असा एक दगड आहे. अक्षरं झिजलेली, शेंदूर फासलेला. म्हाताऱ्या बायका सोमवारी हळदकुंकू वाहतात. लहानपणी मीही पाया पडलोय.

---

कच्ची_कैरी

वीरगळ, माहिती जबरदस्त. पण एक बाई म्हणून एक गोष्ट टोचते. दान मोडणार राजा नाहीतर गावचा कुणी पाटील, आणि शिक्षा कुणाला? त्याच्या आईला. ११८७ ला आई, आज जिन्यात भांडणारा भाडेकरू, त्याच्याही तोंडी आईच असणार, पैज लावते. काकांनी टाकी बंद केली तर त्यात काकांच्या आईचा काय दोष, ती बिचारी कधीच गेली असेल.

बाई भांडली तरी शिवी बाईवरूनच. तेवढा बोरीचा बार मी एकदा बघणार आहे.

---

रंकाळ्यावरचा

ताई, पैज जिंकला तुमी. आमच्या चुलत्याला हे वाचून दाखवतो. फरक पडंल असं वाटत नाय.

---

दप्तरदिरंगाई

त्यावरून आठवलं. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला : आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. पेपरात आलं होतं.

---

अर्धा_कप

दंडाची कल्पना जुनीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'वाक्पारुष्य' असं प्रकरणच आहे, बोलण्यातला खरखरीतपणा म्हणा. कुठल्या शिवीला किती 'पण' (त्या काळचं नाणं) दंड, याचं दरपत्रक. एक डोळा नसलेल्याला काणा म्हटलं, तर ते खरं असूनही ३ पण दंड. खोटंच म्हटलं तर ६. आणि 'वा, काय सुंदर डोळे आहेत!' असं खोचक कौतुक केलं तर थेट १२.

म्हणजे टोमण्याला शिवीच्या दुप्पट. हे पुण्यात लागू केलं तर महापालिकेला घरपट्टी माफ करता येईल.

---

शीतकढी

=)) =)) १२ पण आजच्या हिशेबात किती, तेवढं सांगा. बायकोला कळवायचं आहे.

---

पायवाट

त्या दरपत्रकात वर्णाप्रमाणेही दर कमी-जास्त होते, तेही लिहा. वरच्याने खालच्याला बोलणं स्वस्त, खालच्याने वरच्याला महाग.

---

अर्धा_कप

होय, ते सांगायला हवं होतं. चूक माझी.

---

सांगावा

शिवीसाठी मराठीत जे वाक्प्रचार आहेत ते कुणी निवडून बघितलेत? शिव्यांची लाखोली वाहिली. लाखोली म्हणजे देवाला लाख बेलाची पानं नाहीतर फुलं वाहायची ती. आई-बापाचा उद्धार केला. मुक्ताफळं उधळली. आरती ओवाळली. यथासांग पूजा बांधली. सगळा मजकूर देवघरातला. एखाद्या परक्याला नुसते शब्दार्थ शिकवून मराठी भांडण वाचायला दिलं, तर त्याला वाटेल सत्यनारायण चालू आहे.

देहूला तुकोबांनी 'मोजूनि माराव्या पैजारा' म्हटलंय, तेही मोजून! तिथेही शिस्त.

---

तळटीप

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सकाळपासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे.

शिवीला आपण दुसरा सभ्य शब्द वापरतो तो 'अपशब्द'. 'अध्यक्षांविषयी अपशब्द काढले' वगैरे. पण पतंजलीच्या महाभाष्यात अपशब्द म्हणजे शिवी नव्हे. अपशब्द म्हणजे व्याकरणानं अशुद्ध शब्द, मूळ रूपावरून घसरलेला. तो म्हणतो, शुद्ध शब्द थोडे आणि अपशब्द फार. 'गौः' हा एक शुद्ध शब्द, पण लोक त्याचं गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असं काय काय करतात. आणि असुर 'हेलयो हेलयः' असं चुकीचं ओरडले म्हणून हरले, अशी जुनी कथाही तिथेच येते. उच्चार चुकला, लढाई गेली.

आता बघा. अवाच्य हा शुद्ध शब्द. त्यात र घुसून अर्वाच्य झालं. म्हणजे पतंजलीच्या मापानं 'अर्वाच्य' हा स्वतःच अपशब्द! काकांच्या फिर्यादीत खरी शिवी एकही नाही. कागदावर अपशब्द एकच आहे, आणि तो हवालदारांनी लिहिलेला.

---

खिडकीशेजारी

रुमाल टाकल्याचं सार्थक झालं. वाचनखूण साठवली आहे.

---

अर्धा_कप

टाळ्या. पण मग पतंजलीच्या मापानं आख्खी मराठीच अपशब्द की. गावीची आपण गाय केली, दूधही काढलं.

---

तळटीप

अर्थात. म्हणून मी 'अवाच्य' लिहायचा आग्रह धरणार नाही. शब्द रुळला, कोशात बसला. 'अवाच्य भाषेत शिवीगाळ' लिहिलं तर लोक म्हणतील शुद्धलेखन चुकलं.

---

संपादक मंडळ

धागा वाचनीय झाला आहे. मात्र मधल्या तीन प्रतिसादांत सदस्यांनी 'उदाहरणादाखल' म्हणून जी यादी दिली होती ती काढून टाकली आहे. कृपया अर्वाच्य या शब्दावर चर्चा करावी, अर्वाच्य शब्दांवर नव्हे.

---

कच्ची_कैरी

गाळलेल्या जागा. म्हटलं होतं ना.

---

माठातलं_पाणी

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी काकांकडे बसून हा धागा त्यांना मोबाइलवर वाचून दाखवला. पायवाट यांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला, मग बराच वेळ गप्प. नंतर म्हणाले, "मीही सांगायला हवं होतं रे, काय बोलला ते." मी म्हटलं, आता सांगा. त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं, काकू देवापाशी बसल्या होत्या. मान हलवून नाही म्हणाले.

कैरीताईंची पैज बरोबर निघाली, एवढं त्यांनी कबूल केलं.

भाडेकरूशी बोलणं अजून बंदच आहे. टाकीला सोसायटीने दोन कुलपं लावली आहेत.

पण तळटीप यांचा शेवटचा प्रतिसाद ऐकल्यावर काकांमधला बँकवाला जागा झाला. उठले, कपाटातून एनसीची प्रत आणली, खिशातलं लाल पेन काढलं आणि 'अर्वाच्य'वरच्या रफारावर बारीक काट मारून शेजारी आद्याक्षरं केली. चेकवर करतात तशी.

---

निवृत्त_अंमलदार

काकांना माझा नमस्कार सांगा. आणि हेही सांगा की मूळ कागद ठाण्यात आहे, र सकट, आणि त्याखाली सही त्यांची आहे.